माळ कुठवर आली

गळा.

"उतरली वं! काल कानावर होती, आज गळ्यात!" झुंबरबाई ओरडली आणि जळगावच्या इस्पितळातला अख्खा वॉर्ड तिच्या नवऱ्याच्या, सुपडूच्या खाटेभोवती जमला. गावच्या वैद्याने त्याच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली होती, मुळ्यांची. ती रोज वाढते, खाली सरकते. पायाशी आली की कावीळ गेली! रावेरकडे हे सगळेच जाणतात.

छाती.

डॉक्टर वेगळंच बोलले. पित्ताच्या नळीत गाठ, बहुधा कॅन्सर. पोट उघडल्याशिवाय कळणार नाही.

"काय कळनार?" सुपडूने नर्स इंदिराबाईंना विचारलं.

"कुठवर पसरलाय ते. नळीतच आहे, आजूबाजूला गेलाय, की थेट लिव्हरवर. शिवाय तुकडा भिंगाखाली बघतात. किती दांडगा आहे, किती झपाट्याने वाढतोय, ते कळतं."

केळीची बाग पिकवणारा सुपडू उठूनच बसला!

"म्हंजे केळीसारखंच! पान सडलं त पान कापा. खोड सडलं त खोड. कंद सडला त झाड गेलं. आन सड धिमी का जलद, ते येगळं पाहा!"

"डॉक्टरांना सांगते. अर्धं ऑपरेशन तुम्हीच करा, आबा."

"उघडा पोट. मले कळू द्या."

कंबर.

"माळ निम्मी उतरली, आन आता चिरता?" झुंबरबाई भांडली, रडली. शेवटी माळ काढावी लागली, तेव्हा ती स्वतःच्या कमरेशी धरून दाराबाहेर उभी राहिली. बोटभरही वर नाही, खाली नाही. तीन तास!

पाय.

डोळे पुन्हा पांढरे! लघवी साफ! ऑपरेशननंतर पुन्हा कमरेला घातलेली माळ पंधराव्या दिवशी पावलांवर! वॉर्डाने टाळ्या पिटल्या.

डॉक्टरांनी पित्ताला दुसरी वाट काढून दिली होती, म्हणून पिवळेपणा ओसरला. सुपडूने सकाळीच इंदिराबाईंना गाठलं होतं.

"कंद?"

"कंद, आबा."

"सड?"

"जलद."

"आवो, निघा ना भायेर माळेतून!" झुंबरबाईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

सुपडूने एक पाय उचलला, मग दुसरा. माळ तुटू दिली नाही.

नव्या लावणीसाठी केळीच्या कंदाला फुटलेली पिलं निवडणं हे तीस वर्षं त्याचंच काम. कोणाला हात लावू देत नसे.

"यंदा केळीची पिलं तू निवड," तो म्हणाला. "मी बांधावर बसून सांगतो."

"मी? मले काय कळते त्यातलं?"

"म्हनून त यंदाच."