गाडी ठाण्यात घ्या

शहाण्णव सालातली मुरगूड-कोल्हापूर एसटी आठवली की दीप्तीला अजूनही आधी वास येतो. डिझेलचा, दुधाच्या किटल्यांचा, कुणाच्या तरी पिशवीतल्या भडंगाचा. काचा अखंड खडखडायच्या आणि त्या तालावर ती रसायनशास्त्राची समीकरणं पाठ करायची. गुऱ्हाळं चालू झाली की खिडकीतून गोड धूर आत यायचा. दिवस गोडच होते. फक्त मागचा लांब बाक सोडून.

त्या बाकावर कॉलेजची पाचसहा पोरं बसायची. चढणाऱ्या पोरींना नावं ठेवायची, पाय आडवे टाकायची. "चेष्टा असती, लक्ष द्यू नगं," असं सगळी गाडी सांगायची. थोरल्या बहिणीनं, मनालीनं, लक्ष दिलं होतं. एकदा रडत घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. वडील भाऊसो सूतगिरणीत कामाला. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद केलं. वर्षाच्या आत ती लग्न होऊन नेसरीला गेली. चौदा एप्रिलला मुलींच्या शिक्षणावर भाषण करणारा माणूस, पण मागच्या बाकावर त्याला तेवढाच उपाय सुचला. तेव्हापासून दीप्तीनं ठरवलं होतं, यातलं काहीही घरी कळता कामा नये. कळलं की आपलंही शिक्षण संपलं.

दिवाळीनंतर वाटेतल्या एका गावाहून ऐश्वर्या नावाची अकरावीतली पोरगी येऊ लागली. जैन शेतकऱ्याची मुलगी, बोलायला लाजरी. एका सकाळी ती चढून पुढं निघाली आणि मागून कुणीतरी तिची ओढणी ओढून घेतली. बाकावर हशा पिकला. ओढणी या हातातून त्या हातात फिरली. पुढचे दोघेतिघे वळून हसले. ऐश्वर्या दीप्तीशेजारी बसली आणि एवढंच म्हणाली, "मी उद्यापास्नं येत न्हाय."

हे वाक्य मनालीला म्हणायलाही मिळालं नव्हतं; तिच्या वतीनं वडिलांनीच म्हटलं होतं. दीप्ती उठून कंडक्टरपाशी गेली.

"काका, गाडी ठाण्यात घ्या."

"का गं, पाकीट गेलं?" गणपतराव तिकिटं फाडत म्हणाले.

"न्हाय. मागच्यांनी हिची ओढणी ओढली."

"आगं, येवड्यासाठी गाडी वळवू व्हय?"

"गेल्या आठवड्यात त्या पावण्यांचं पाकीट मारलं, तवा सगळी गाडी ठाण्याम्होरं हुबी किलासा की. पाकीट घावलं न्हाय, तरी कुणी हूं की चूं केलं न्हाय."

"आमची हजेरी बुडंल," पुढून कुणी ओरडलं. एक म्हातारा समजुतीनं म्हणाला, "पोरी, तुजंच नाव हुईल. पोरांचं काय जातंय?"

"तेच म्हणतोय मी, आज्जा. त्यांचं काईच जात न्हाय." मग ती गणपतरावांकडे वळली. "आमची मनाली तुमच्याच गाडीनं यायची. आठवती?"

"लगीन झालं न्हवं तिचं?"

"का झालं, ठावं हाय का?"

गणपतरावांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. इतकी वर्षं ते तिथं तिकिटं देऊन खाली मान घालून परतत. त्यांनी दोरी ओढून एकच घंटी दिली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "आकाराम, ठाण्यात घे." मागचा हशा तिथल्या तिथं विरला.

ठाण्यात पोरांचे बाप बोलावले गेले. तक्रारीत दीप्तीनं स्वतःचं नाव आणि गाव दिलं. संध्याकाळी ती घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती.

"ठाण्यात नाव दिलंस?" भाऊसोंनी ताटावरूनच विचारलं.

"व्हय, आबा."

"बास झालं मग कॉलेज."

आई, बायडाबाई, चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "थोरलीला घरात बसिवलासा. त्या पोरांस्नी कुणी बसिवलं?"

"मला पोरगी वाचवायची हुती तवा."

"वाचली व्हय?"

भाऊसोंनी तांब्या उचलला, पाणी न पिता खाली ठेवला आणि बाहेर जाऊन बसले.

दीप्तीनं पुस्तकं पिशवीत भरलीच नाहीत. झोप कधी लागली तेही कळलं नाही. पहाटे अंगावरचं पांघरूण कुणीतरी ओढलं. भाऊसो होते.

"ऊठ की. गाडी काय तुज्यासाठी थांबतिया व्हय?"

स्टँडपर्यंत भाऊसो बरोबर आले. गाडी लागली तेव्हा म्हणाले, "ती जैनाची पोरगी यील का आज?"

"काय म्हाईत."

"बघ. न्हाय आली तर संध्याकाळी सांग." त्यांनी तिची पिशवी वर दिली. "तिच्या बाला मी जाऊन भेटतो."