कॉइलखालचा रंग

त्र्याहत्तर साल होतं ते. आमच्या डोक्यावर ऊन रखरखत होतं आणि नदी मात्र गढूळ होऊन फुगत चालली होती. वर डोंगरात कुठंतरी पाऊस कोसळला असणार. नदीच्या मधोमध आमचं मातीचं बेट होतं. त्यावर आम्ही काकड्या लावायचो. माझी धाकटी जाऊ सकाळीच तिकडं तोडणीला गेली होती. भावजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, तिला वल्ही मारत नेऊन सोडलं, पहिला माल घेऊन ते परत आले आणि मागं पाणी चढलं.

होडीची मोटर काठावरच होती. आदल्या दिवशी ह्यांनी ती रंगवली होती आणि सकाळी रंग ओला होता. हौस भारी. भावजी सारखे चिडवायचे, "दादा, भंगारवाला मागून गेला बघ तुझी मोटर." ते ह्यांच्या जिव्हारी लागलं. मोटरची पेटीच उघडून बसले. स्क्रू ठेवायची वाटी धरून मी शेजारी बसलेली. आतला एकेक भाग सोडवून, गंज खरवडून, त्याच्या खालीवर निळा रंग दिला. अगदी पोरीला सजवावं तशी सजवली मोटर.

आणि आता ती होडीच्या पाठीला लावली, तर बोलेना.

हे दोरी ओढतात, ती नुसती घुरघुरते आणि गप्प. पुन्हा ओढतात, पुन्हा गप्प. पलीकडं बेटावर धाकटी टोपली डोक्यावर घेऊन उभी. बेटाची खालची कड ढासळताना इथून दिसत होती.

"पेट्रोल येतंय का?" भावजी ओरडले.

"येतंय. वास येत नाही का तुला?"

"मग पेटत का नाही?"

"ठिणगी नाही. पोतं धर जरा, उन्हात काही दिसत नाही."

ह्यांनी प्लग काढला, वायरीला तसाच ठेवून उघड्या बोल्टवर टेकवला. भावजींनी वरून पोतं धरून अंधार केला. मी दोरी ओढली. आत काळंकुट्ट. दुसरा प्लग लावला, तेच. ठिणगीचे पॉइंट कागदानं घासून पुसले, तेच. मोटर बंद करायच्या बटणाची वायर सोडवून बघितली, तरी तेच.

"गेली तुझी नवरी!" भावजींनी पोतं फेकलं. "रंगरंगोटी कर तू. मी वल्ही घेऊन चाललो."

सासूबाईंनी पुढं होऊन होडीचा दोर मुठीत आवळला. "या पाण्यात? तू बेटापर्यंत पोचायचा नाहीस, वळणावरच्या खडकावर सापडशील."

"सोड आई!"

"नाही सोडत. एक तिकडं अडकलीय ती पुरे झाली मला."

"माझी बायको आहे ती!"

"आणि माझी कोण आहे?" सासूबाई कडाडल्या. मग ह्यांच्याकडं वळल्या. "परवापर्यंत चालत होती ना? काल काय केलंस तिला?"

"काही नाही. रंगवली फक्त. रंगाचा आणि ठिणगीचा काय संबंध?"

माझ्या डोळ्यांपुढं वाटी आली, तिच्यातले स्क्रू आले.

"अहो," मी म्हटलं, "कॉइल सोडवून तिच्या पायांखालीसुद्धा रंग दिलात की तुम्ही."

हे एकदम थांबले. त्यांना ठाऊक होतं. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या त्या कॉइलचे पाय इंजिनाच्या उघड्या लोखंडाला चिकटलेले लागतात, मधे रंग आला की वीजच फिरत नाही. होडी शिकवणाऱ्या मामांनी त्यांना ते कधीच सांगितलं होतं. पण रंगवायच्या नादात भान राहिलं नव्हतं.

"विळा दे," एवढंच म्हणाले.

दोन स्क्रू निघाले. घाईत एक स्क्रू होडीच्या तळातल्या पाण्यात पडला. भावजींनी पालथं पडून चाचपून तो काढला. शिवी ओठांवर आली होती, पण गिळली. ह्यांनी विळ्याच्या टोकानं खरवडायला घेतलं. निळ्या सालपटांखाली लोखंड चकाकलं. कॉइलचे पायही खरवडले. दोरीनं फिरणारं चाक आणि कॉइल यांच्या मधे फट राहावी म्हणून जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा धरला, स्क्रू आवळले, तुकडा ओढून काढला.

तेवढ्यात पलीकडं काकडीचा अर्धा वाफा पाण्यात बसला. धाकटीनं टोपली टाकली.

भावजींनी पुन्हा पोतं धरलं. "वहिनी, ओढा!"

मी ओढली. पोत्याखाली टच्चकन निळी ठिणगी उडाली.

प्लग बसला, पुन्हा दोरी ओढली, मोटर खोकली, धूर सोडला आणि धडधडायला लागली. दोघे भाऊ गेले. सासूबाई आणि मी गुडघाभर पाण्यात उभ्या. होडी तिरकी होत होत बेटाला लागली. हात धरून होडीत ओढलेली धाकटी दिसली, तेव्हा कुठं मी श्वास घेतला.

काठावर उतरली ती चिखलानं माखलेली. ह्यांच्याकडं बघून म्हणाली, "काय भावोजी, रंगाचा दुसरा हात मारत होतात की काय?" आणि मग मटकन खाली बसून रडायला लागली.

पाणी उतरलं तेव्हा बेट नव्हतं. नुसता प्रवाह वाहत होता.

भावजी धाकटीला घेऊन शहरात गेले, कारखान्यात लागले. ह्यांच्याशी कधी त्यावर बोलले नाहीत, पण दर सुट्टीला यायचे. सासूबाई पुढच्या थंडीत झोपेतच गेल्या. पूल झाल्यावर होडीचं काम संपलं. ह्यांनी पिठाची गिरणी घातली, ती शेवटपर्यंत चालवली. भावजी वारले तशी धाकटी माझ्याकडं राहायला आली. आता तिला ऐकू फार कमी येतं.

पावसाळ्यात रात्री ती माझा हात हलवते. "पाणी चढलंय का गं?"

नदी दारापर्यंत गर्जत असते. मी मान हलवते, नाही म्हणते, आणि ती झोपते.