वरचा बाण

बाबा गेल्यापासून त्यांचा संगणक बंद केलेला नव्हता. एवढा म्हातारा, एकदा झोपला तर उठायचा नाही, असं आई म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत, जिला आम्ही कारखाना म्हणत असू, काळा पडदा आणि त्याच्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ तशीच जागी होती.

बाबा वाकड्या पायांच्या माणसांसाठी बुटांचे लाकडी साचे करत. पायाची मापं संगणकात जात, संगणक ती कोरणीयंत्राकडे धाडी, आणि मग यंत्र आपलं आपण तासन्‌तास लाकूड खात बसे. तो घरघराट आमच्या घरातला चौथा माणूस होता. तो गप्प झाला की आई ताटं घ्यायची. जेवायला हाक मारण्याची पद्धतच आमच्याकडे नव्हती.

त्या दुपारी बाबांचे भागीदारकाका साच्यांच्या फायली न्यायला यायचे होते. आता धंदा तेच बघणार होते. फोनवर त्यांनी मला सांगितलं, की फ्लॉपीवर उतरवायचा हुकूम त्यांना काही केल्या आठवत नाही, पण वरचा बाण दाबत गेलीस तर सापडेल. बाबांनी जायच्या आदल्या दिवशीच फायली उतरवल्या होत्या.

वरचा बाण मला ठाऊक होता. या जुन्या संगणकात आपण टाइप केलेला हुकूम घेऊन आत पोचवणारा एक दुभाष्या असतो, त्याला शेल म्हणतात. कंपनीने दिलेला शेल ठोंब्या होता. एंटर दाबलं की सांगितलेलं विसरायचा. बाबांनी त्याला हाकलून कुठूनसा दुसरा आणून बसवला. त्याला स्वतःचे हुकूम शिकवता येत. बाबांनी ते मराठीत शिकवले, रोमन अक्षरांत, ‘कोर’, ‘थांब’ असे. आणि तो विसरत नसे. वरचा बाण दाबला की मागची ओळ दाखवी, पुन्हा दाबला की तिच्याही मागची. “हा माझ्या सासूबाईंसारखा,” बाबा म्हणत, “सगळं लक्षात ठेवतो.” त्यावर आई, “पण तो बोलून दाखवत नाही, हे तुमचं नशीब.” फक्त वीज गेली की त्याची आठवण पुसली जाई.

मी खुर्चीत बसले. भीती होती ती एंटरची. बाण दाबून आणलेल्या ओळीवर चुकून एंटर पडलं, तर तो हुकूम पुन्हा चालतो. यंत्र सुरू झालं असतं तर मला ते सहन झालं नसतं. उजवा हात मांडीखाली घेऊन मी डाव्या हाताच्या एका बोटाने बाण दाबला.

सीएलएस.

पडदा पुसायचा हुकूम. तीन अक्षरं, बिनचूक. मी पुन्हा दाबलं.

आता आलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. टी, टी, ए. आणखी मागे: टी, बी, बी, बी. त्याच्या मागे नुसता ए, ओळभर, बोट उचलायला विसरल्यासारखा. मला वाटलं मांजर फिरलं असेल, पण आमच्याकडे मांजर नाही. पुन्हा दाबलं. टी, ए, बी. पुन्हा तेच, पुन्हा तेच. सगळी अक्षरं कळफलकाच्या डाव्या अंगाची. ‘थांब’ म्हणजे टी-एच-ए-एम-बी; त्यातली डाव्या हाताची तेवढी आली होती, उजव्या हाताची गळाली होती.

डॉक्टर म्हणाले होते, मेंदूचा झटका, क्षणात गेले असतील. आईने प्रत्येक भेटायला आलेल्याला हेच सांगितलं होतं, क्षणात, कळलंसुद्धा नाही. मी दाबत राहिले. पुढच्या ओळीत एच होता, चुकीच्या जागी. तिच्या मागच्या ओळीत अख्खा शब्द, दोनच अक्षरं उलटसुलट. प्रत्येक दाबासरशी बाबा बरे होत चालले होते. मग आला ‘कोर’ आणि साच्याचं नाव, नीटनेटकं. इथे ते धडधाकट होते.

आणि मग मला त्या पहिल्या ओळीची भीती वाटली. ज्या हाताला ‘थांब’ जमत नव्हतं, त्याने शेवटी सीएलएस बिनचूक कसं टाइप केलं? ते बाबांनी केलेलंच नव्हतं. ते गेल्यावर कुणीतरी पडदा पुसला होता. त्या दिवशी मी गावात नव्हते; घरात एकच माणूस होतं.

“किती मागे गेलीस?”

आई दारात उभी होती. हातात काकांसाठी काढलेली कोऱ्या फ्लॉपींच्या खोक्यांची चळत. मला खोटं बोलता आलं असतं, पण ओळ पडद्यावर होती.

“कोरपर्यंत,” मी म्हणाले.

तिने चळत खाली ठेवली. पडदा पुसण्याआधी प्रत्येक ओळीपुढे वेळ दिसत होती, ती म्हणाली. पहिल्या आणि शेवटच्या ‘थांब’मध्ये पाऊण तास होता. ती आत भाजी निवडत होती. यंत्राचा आवाज येत होता, मधूनमधून बटणांचाही येत होता. तिला वाटलं, काम जोरात चाललंय. साचा पुरा होऊन यंत्र आपणहून गप्प झालं, तेव्हा ती ताटं घेऊन बाहेर आली.

“तोंडातून शब्द फुटत नसणार त्यांना. यंत्र थांबलं असतं तर मी आले असते, हे त्यांना ठाऊक होतं. ते मला हाक मारत होते गं.”

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. डॉक्टरांचं काहीतरी, पाऊण तासाने फरक पडला नसता असं काहीतरी. ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि तिला ते कळलं असतं.

“बंद का नाही केलास?” मी विचारलं. “सगळं पुसलं गेलं असतं.”

“त्यांचंच आहे ना ते.” मग म्हणाली, “पडदा तेवढा पुसला. तू मला काय म्हणशील, याचीच धास्ती होती.”

मी खुर्चीत सरकून अर्धी जागा केली. ती बसली. बाहेर काकांच्या गाडीचं दार वाजलं.

“अजून मागे जा,” आई म्हणाली.

मी बाण दाबला. आदल्या दिवशीचा फ्लॉपीचा हुकूम आला, काकांना हवा होता तोच. मी त्याच्यावर थांबले नाही. आणखी मागे, एका लहान मुलाचा डावा पाय, त्याच्याआधी त्याचाच उजवा. आई प्रत्येक ओळ हलक्या आवाजात वाचत होती. काकांनी दार ठोठावलं, आणि आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.