दंडाखालचा काटा

शाळेच्या व्यायामशाळेत चारशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसे सातशे आली होती. उरलेली भिंतीवरच्या कसरतीच्या शिड्यांना टेकून, खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून, एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून मंचाकडे पाहत होती. मंचावर एक काटा होता. त्याच्या खांबावर लाल आकडे पेटलेले. शेजारी मेज. मेजावर लोणी थापलेले पाव, तळलेले बटाटे, तीन थरांचा केक, साखरेचे सरबत. आणि मधोमध पांढऱ्या रेशमी झग्यात ते उभे होते. लोक त्यांना भारहर्ते म्हणत.

बेकरीवाला काट्यावर चढला आणि हात सैल सोडून उभा राहिला. शहाण्णव किलो चारशे. मग तो मेजाशी बसला, सर्वांदेखत तीन पाव आणि केकचे दोन जाड तुकडे त्याने रिचवले, ओठ पुसले आणि पुन्हा काट्यावर गेला. या वेळी भारहर्त्यांनी काट्याशेजारी एक लाकडी दंड आणून ठेवला. छातीएवढा उंच, खाली ताटलीएवढी पितळी बैठक.

"दोन्ही हातांनी धरा. डोळे मिटा. श्वास सोडा. जो काही भार असेल तो दंडाच्या हवाली करा."

अर्धे मिनिट गेले. आकडे थरथरले आणि थांबले. पंचाण्णव किलो सहाशे.

"खाल्लं, आणि आठशे ग्रॅम घटलं!" बेकरीवाला ओरडला. "अहो, उद्यापासून माझ्या दुकानासमोर रांग लागणार!"

"कॅलरी, कॅलरी!" भारहर्ते ध्वनिक्षेपकात म्हणाले. "कोणी पाहिलीय कॅलरी? डॉक्टरांनी? बाटलीत भरून दाखवा म्हणावं! कॅलरी म्हणजे भीती. घास घेताना तुम्ही घाबरता, आणि ती भीती पोटावर ठाण मांडते. निर्भय माणसाचा घास आला तसा निघून जातो. सुट्ट्या आहेत! खा आणि सोडा!"

"खा आणि सोडा!" सातशे तोंडे म्हणाली.

"आणि काट्यावर शंका आहे कोणाला? हा बघा दाखला. तुमच्याच गावातल्या काटेवाल्यानं तपासलाय, त्याचाच शिक्का आहे."

शेवटून दुसऱ्या रांगेत मी मान खाली घातली. तो काटेवाला मी.

आमचे दुकान वडिलांच्या मागे माझ्याकडे आले. अरुंद खोली, एक खिडकी, आणि मखमलीच्या खाचांत झोपलेली पितळी वजने. त्यांना उघडा हात लावायचा नसतो; बोटांचा घामसुद्धा वजनाला चिकटतो. वडील म्हणत, "माप घेताना काट्याला मापायचीच वस्तू लागली पाहिजे. बोट नको, बाही नको, पंख्याचा वारा नको." भारहर्त्यांनी पाठवलेला काटा मी चारही कोपऱ्यांवर वजने ठेवून तपासला होता. त्यात खोट नव्हती, आणि माझी झोप उडवायला तेवढे पुरेसे होते. काटा खोटा असता तर मी एका वाक्यात सुटलो असतो.

त्या दिवशी बेकरीवाल्यानंतर मंचाच्या चार पायऱ्या कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पावले ठेवत जी बाई चढली, ती माझी आत्या होती.

आई गेल्यावर आत्यानेच मला वाढवले. गेली सहा वर्षे तिचे गुडघे तिला आतून कुरतडत आहेत. सांधा बदलणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, "वजन ऐंशीच्या आत आणा. त्याहून जास्त असेल तर भुलीचा धोका, जखम चिघळण्याचा धोका. सुट्ट्या संपल्यावर पहिल्या सोमवारी या. ऐंशी दिसलं की तारीख पक्की. नाही दिसलं तर पुढची यादी चार महिन्यांनी." आत्या तेव्हा एक्क्याण्णव होती. चार महिने तिने तेल चमचा लावून घातले, पाव मोजून खाल्ला, दुखऱ्या पायांनी रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. सुट्ट्या लागल्या तेव्हा ती साडेएक्क्याऐंशीवर होती. दीड किलो आणि तीन आठवडे उरले होते.

मंचावरच्या काट्यानेही साडेएक्क्याऐंशीच दाखवले. आत्याने पाव खाल्ला, केक खाल्ला आणि ती सरबत प्यायली. मग डोळे मिटून दंड धरला. एकोणऐंशी किलो सातशे.

"ऐंशीच्या आत!" ती म्हणाली. चार महिन्यांत मी तिला तसे हसताना पाहिले नव्हते. त्या हसण्याला धक्का लावण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. चारचौघांत बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते. शाळेत मला 'मुका' म्हणत, आणि काही जण अजूनही म्हणतात.

घरी मात्र मी तोंड उघडले.

"आत्या, पोटात गेलेला केक जातो कुठे?"

"निघून जातो."

"कुठून?"

"चावटपणा करू नकोस." तिने ताटात तिसरा पाव घेतला. "चार महिने टेबलाच्या टोकाला बसून काकडी चावलीय मी. सगळे हसतायत, वाढतायत, आणि मी पाण्याचे घोट घेतेय. 'अगं, एका घासानं काय होतंय?' म्हणून तुझी काकू आग्रह करते, आणि घेतला की तीच माझ्या कमरेकडे बघते. कंटाळले रे. या माणसानं मला 'खा' म्हटलं. किती वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं."

मी तिच्या पेल्यात पाणी ओतले.

तिसऱ्या दिवशी भारहर्त्यांनी घरगुती दंड विकायला काढले. दोनच दिवसांत ते संपले. आत्याचा दंड तिच्या न्हाणीघरात काट्याशेजारी उभा राहिला. रोज सकाळी ती आधी हात सोडून वजन करी, मग दंड धरून. पहिला आकडा चढत होता. ब्याऐंशी. त्र्याऐंशी.

"पहिला आकडा बघायचा नसतो," ती मला समजावी. "ते जुनं वजन. भारहर्ते म्हणतात, उकळताना साय वर येते, तसा भार जाताना वर येतो. दंडानंतरचा आकडा खरा."

किती सोयीची साय! वजन घटले तर दंडाची कृपा, आणि वाढले तरी दंडाचीच. ज्या विधानाला जगातली कोणतीच गोष्ट खोटे पाडू शकत नाही, ते विधान मनुष्य केवळ एकाच कामासाठी वापरतो: दुसऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवण्यासाठी.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी न्हाणीघराचा नळ गळू लागला म्हणून मी गुडघ्यांवर बसून खाली वाकलो होतो. जमिनीवरच्या मऊ आच्छादनावर, काट्याच्या उजव्या बाजूला, गोल वळी उमटलेली दिसली. वाटीच्या काठाएवढी, घरगुती दंडाच्या लहान बैठकीच्याच मापाची. एकावर एक, दहा-बारा. जुनी पुसट होती. कालचे वळे मात्र इतके खोल, की त्यात बोटाचे टोक बसावे.

नुसत्या उभ्या लाकडाने असा ठसा उमटत नाही. कोणीतरी त्यावर रेलावे लागते. पोट भरलेले, डोळे मिटलेले, गुडघ्यांत कळ. अशा माणसाच्या हाती आधार दिला, तर तो त्यावर रेलणारच. तिला ते कळतही नव्हते. आणि गुडघे जितके जास्त दुखत, तितका चमत्कार मोठा होत होता.

वडिलांचा नियम मला तोंडपाठ होता, आणि तो मोडलेला पाहायला मला एवढे दिवस लागले. आम्ही सगळे काटा तपासत होतो. काठीकडे कोणी पाहिलेच नव्हते.

मी आत्याला ती वळी दाखवली. तिने नजर फिरवली. "जड वस्तू आहे, ठसा उमटणारच. तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का रे?"

सुट्ट्यांच्या शेवटच्या दिवशी समारोप होता. सोमवार तीन दिवसांवर. भारहर्त्यांनी मलाच निरोप धाडला होता: मंचावर येऊन काटा खरा असल्याचे सांगायचे. मी दुकानातला पार्सलांचा बुटका काटा पिशवीत घातला आणि गेलो.

"हे आपले काटेवाले," भारहर्ते म्हणाले. "सांगा लोकांना. काटा खरा की खोटा?"

"खरा आहे," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत मी पिशवीतून दुसरा काटा काढला होता. "हाही खरा आहे. हा... हा मला दंडाखाली ठेवायचाय."

भारहर्त्यांचे हसू जागच्या जागी राहिले. डोळे मात्र तिथून निघून गेले. "दंडाला धातूचा स्पर्श चालत नाही."

"त्याची बैठक पितळेची आहे."

मागे कोणीतरी फिसकन हसले. लगेच दुसऱ्या बाजूने आवाज आला, "ए मुक्या, खाली उतर!" "आत्या बरी होतेय ते डोळ्यांत खुपतंय का?" "ओढा रे त्याला!"

"दंडाचा पृथ्वीशी संबंध तुटता कामा नये," भारहर्ते आवाज चढवून म्हणाले. "ही शक्तीची वाट आहे, खेळणं नाही! या शंकेखोर हातांनी तुमची तीन आठवड्यांची साधना..."

"ठेवू दे त्याला."

आत्या होती. कठडा धरून ती पायऱ्या चढत होती. "वजन माझं आहे. तीन आठवडे दंड मी धरलाय. शक्ती खरी असेल तर एका काट्याला घाबरेल कशाला? ठेव रे बाळा."

सातशे माणसांसमोर तिला नाही म्हणणे भारहर्त्यांना परवडणारे नव्हते.

आत्या हात सोडून उभी राहिली. चौऱ्याऐंशी किलो दोनशे. मग मी तिचे ताट आणि पेला बुटक्या काट्यावर ठेवून, भांड्यांचे वजन वगळून, मोठ्याने वाचले: अन्न आणि सरबत मिळून आठशे ग्रॅम. ती सावकाश जेवली. मग मी दंड बुटक्या काट्यावर उभा केला आणि त्याचा आकडा शून्यावर आणला.

"धर, आत्या. रोज धरतेस तसाच."

तिने डोळे मिटले. मोठ्या काट्याचे लाल आकडे उतरू लागले. एकोणऐंशी किलो आठशे. सभागृहातून आनंदाचा एक चीत्कार उठला.

"आता हा वाचा," मी बेकरीवाल्याला म्हणालो. तो पहिल्या रांगेत होता, आणि पीठ तोलण्यात त्याची हयात गेली होती.

तो वाकला. चष्मा सारखा केला. "पाच किलो दोनशे." क्षणभर त्याचे ओठ नुसतेच हलले. मग तो सरळ झाला आणि त्याचा चेहरा लालभडक झाला. "एकोणऐंशी आठशे अन् पाच दोनशे, पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी दोनशे अन् आठशे ग्रॅमचं जेवण, तेही पंच्याऐंशी. अहो, एक ग्रॅम कुठे गेला नाही! सगळं या काठीखाली बसलंय!"

आत्याने डोळे उघडले. आधी एक आकडा पाहिला, मग दुसरा. मग दंडावरचे स्वतःचे हात पाहिले. पांढरी पडलेली बोटे तिने एकेक करून सोडवली. बुटका काटा शून्यावर आला आणि मोठा पंच्याऐंशीवर.

"पाच किलो," ती हळू म्हणाली. "एवढे दुखतात होय रे माझे गुडघे?"

भारहर्ते अजून बोलत होते. अविश्वासी नजरेने शक्ती आटते, लोखंडी मनाला दंड साथ देत नाही, वगैरे. बेकरीवाल्याने त्यांच्या हातचा ध्वनिक्षेपक काढून घेतला तेव्हा ते दार शोधू लागले. या माणसाने एका गोष्टीत मात्र कधीच लपवाछपवी केली नाही. 'भार दंडाच्या हवाली करा,' असे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता, आणि लोक तंतोतंत तेच करत होते. त्याचा निर्लज्जपणा मला त्याच्या लबाडीपेक्षाही किळसवाणा वाटतो. एका बाईच्या वेदनेवर त्याने टाळ्या घेतल्या.

सगळे काही माझ्या बाजूने झाले असे समजू नका. अर्धे लोक माझ्यावरच चिडून घरी गेले. काही जण मला अजून ओळख देत नाहीत. फसवणाऱ्याला माणूस लवकर क्षमा करतो, फसलास म्हणून सांगणाऱ्याला नाही. घरगुती दंड अजून घरोघरी आहेत. म्हाताऱ्यांना चालायला उपयोगी पडतात. तो त्यांचा पहिला प्रामाणिक उपयोग.

सोमवारी डॉक्टरांच्या काट्याने चौऱ्याऐंशी दाखवले. तारीख चार महिने पुढे गेली. त्या चार महिन्यांच्या प्रत्येक पायरीवर आत्याला दोन्ही पावले ठेवावी लागणार आहेत, आणि त्यांतले एकही पाऊल भारहर्ते तिच्यासाठी टाकणार नाहीत.

म्हणून ज्यांनी हे वाचले त्यांना माझी साधी विनंती आहे. कोणी चमत्कार दाखवला तर त्याच्या तोंडाकडे पाहू नका. पहिल्या खेपेत नव्हते असे दुसऱ्या खेपेत काय आले, तेवढे पाहा. आणि सुट्टीत केक खावासा वाटला तर खा. एका तुकड्याने आभाळ कोसळत नाही. लहान तुकडा घ्या, दुसऱ्या दिवशी थोडे अधिक चाला. पण तो पोटात गेला आहे हे स्वतःशी कबूल करा. आणि घरात कोणी टेबलाच्या टोकाला एकटे काकडी चावत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. आम्ही बसलो असतो, तर त्या माणसाचे 'खा' आत्याला इतके गोड लागले नसते.

आता दर रविवारी सकाळी आत्या दुकानात येते. मी पंखा बंद करतो. ती काट्यावर चढते, कळ आली की दात आवळते, आणि दोन्ही हात बाजूला मोकळे सोडते.

"कशाला धरलेलं नाही ना मी?" ती विचारते.

"नाही, आत्या."

"मग वाच."