कार्डावरचं घर

सोनीबाईला स्वतःचं घर असं कधी मिळालंच नाही. लग्न होऊन आली ती थोरल्या दिराच्या पडवीत. नवरा दोन वर्षांतच तापानं गेला. भात काढून झालं की ती दरसाल निमगाव साव्याला मळ्यांवर कामाला उतरायची आणि बांधावर पाल ठोकून राहायची. पुढं धरण झालं, आंबेगावाकडचं तिचं गाव पाण्यात गेलं. दिराला मंचरजवळच्या वसाहतीत घर मिळालं. सोनीबाई मळ्यातच राहिली.

मळ्याचे मालक गेणभाऊ. त्यांनी तिला विहिरीवरची मोटारीची खोली दिली. नवी मोटार आली तेव्हा म्हणाले, "गोठ्यात सरका." गोठ्यात जर्सी गाई आल्या तेव्हा कांद्याच्या चाळीत. कांदा भरायची वेळ आली की चाळीतूनही बाहेर. अशी बारा वर्षं गेली. सोनीबाई सत्तरीला टेकली.

२००४ साली बेघरांना घरकुल मिळणार असं कळलं, म्हणून ती ग्रामपंचायतीत गेली.

ग्रामसेवक म्हणाले, "रहिवासी दाखला आणा."

"कुठला आणू? गाव पाण्यात हाय."

"मग पुनर्वसन झालं तिथला आणा."

दोन एसट्या बदलून ती तिकडच्या ऑफिसात पोचली. पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी रजिस्टर सापडेना. तिसऱ्या खेपेला कारकुनानं पान उघडून बोट ठेवलं.

"आजी, तुमचं नाव रामदासच्या रेशनकार्डावर आहे. पहिल्यापासून. घर असलेल्याला घरकुल कसं मिळेल?"

रामदास म्हणजे त्याच दिराचा मुलगा; दीर गेल्यावर घर त्याच्याकडं आलं होतं. इतकी वर्षं तिच्या वाट्याचं धान्य तो उचलत होता आणि ती चाळीत कांदे बाजूला सारून झोपत होती.

ती मळ्यावर आली, बोचकं बांधलं.

"कुठं निघाला?" गेणभाऊंनी विचारलं.

"घरी."

"तुमाला कुठं घर हाय?"

"सरकार म्हणतंय, हाय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रामदासच्या ओसरीवर जाऊन बसली. तो जेवत होता. घास तसाच हातात राहिला.

"काकी? आज इकडं कशी?"

"राह्यला आले. कार्डावर इथंच राहते ना मी?"

रामदासची बायको आतून बाहेर आली. "आमालाच जागा पुरत नाय, बाई."

"माझं धान्य पुरलं ना?"

चार दिवस ती ओसरीवरच झोपली. पाचव्या दिवशी रामदास कावून म्हणाला, "चल, ऑफिसात जाऊन तुझं नाव काढून देतो. मग जाशील?"

सोनीबाईनं विचार केला. नाव निघालं की दाखला. दाखला मिळाला की ग्रामसेवक घर बांधायच्या जागेचा उतारा मागणार. तो कोण देणार? जमीन गेणभाऊंची; ते आपल्या पोरांवर ढकलणार, पोरं त्यांच्यावर.

"नको. राहू दे नाव," ती म्हणाली. "तेवढी ती सरपणाची खोली मोकळी कर."

रामदासनं कपाळावर हात मारला. पण वसाहतीतली माणसं दारात जमली होती. कार्डाचं सगळ्यांना कळलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यानं सरपण बाहेर काढलं.

सोनीबाई त्या खोलीत शेवटपर्यंत, सहा वर्षं राहिली. रामदासच्या बायकोशी तिचं रोज वाजायचं, कधी चुलीच्या धुरावरून, कधी नुसत्या खोकल्यावरून. पण "सरका" असं तिला पुन्हा कुणी म्हणालं नाही.