शेवटची दोन पानं

नवऱ्याच्या मागे बँकेची कामं शिवणक्लासवाल्या काकूंच्या गळ्यात पडली. चेक म्हणजे सही करायचा कागद, एवढंच त्यांना ठाऊक. काउंटरवरच्या बाईंनी त्यांचं चेकबुक उघडून खालच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हे पहिले सहा आकडे म्हणजे चेकचा नंबर, पुढचे बँकेचे आणि शाखेचे. नंबर ओळीने येतात. तुमचं पुस्तक एकपासून पंचवीसपर्यंत असायला हवं."

काकूंनी पानं उलटली. शेवटचा नंबर तेवीस होता. त्यापुढे शिवणीशी कागदाची नुसती कड उरली होती, ब्लेडने कापल्यासारखी सरळ.

चेकबुक ठेवायच्या कपाटाची दुसरी किल्ली धाकट्या दिराकडे असायची.

"ते दोन्ही चेक थांबवा," त्या कशाबशा म्हणाल्या.

बाईंनी संगणकात पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चोवीस नंबरचा आज सकाळीच आलाय. थांबवते. पण काकू, सही हुबेहूब तुमची आहे."

काकू घरी पोचल्या, तर दीर दारातच उभा. "वहिनी, बँकेत गेला होतात म्हणे? मला सांगायचं ना!" तो हसून म्हणाला. त्या आत आल्या, तशी त्याने मागे दाराला कडी घातली.