खिडकीपाशी एक प्लग

"तुम्हीच गुंडाळा बाबा, मला जमत नाही," मुलगी म्हणाली आणि उचललेलं वायरचं टोक तिने पुन्हा जमिनीवर ठेवलं.

वायरमन स्टुलावरून उतरत होते, ते तिथेच थांबले. 'मला जमत नाही' हे शब्द, याच खोलीत, त्यांनी आधी एकदा ऐकले होते.

चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत वीज खेळवली. स्वतःच्या घरात त्यांचा हट्ट एकच, लांब एक्स्टेंशनच्या वायरचा. एक वेढा सुलटा, पुढचा उलटा, प्रत्येक ताटाएवढा, शेवटी सुतळीची गाठ. असं भेंडोळं भिरकावलं तरी सरळ उलगडतं, पीळ पडत नाही. बायको मात्र तळहात आणि कोपराभोवती भराभरा गुंडाळायची. मग ते तिच्या डोळ्यांदेखत सगळं सोडवून नव्याने गुंडाळत. कधी म्हणत, "वायर आहे ती, लोकर नाही." पाहुणे हसत. तीही हसे.

तिला इस्त्री खिडकीपाशी करायला आवडे. तिथे वारा येई, समोरच्या गॅलरीतल्या शेजारणीशी गप्पा होत. कपड्यांबरोबर अख्ख्या गल्लीलाच इस्त्री होते, असं तीच म्हणायची. प्लग आतल्या भिंतीला, म्हणून वायर लागे. एके दुपारी ते घरी आले तर जळका वास. भेंडोळं तसंच, गाठीसकट. तिने जेमतेम लागेल तेवढं टोक ओढून घेतलं होतं. आतले वेढे तापून एकमेकांना चिकटले होते.

"वायरमनची बायको ना तू? पूर्ण उलगडल्याशिवाय इस्त्री लावायची नाही, एवढं कळत नाही?"

"कळतं," ती म्हणाली. "पण उलगडली की गुंडाळावी लागते. तुमच्यासारखी मला जमत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वायर आणली. तिने त्या वायरला कधी हात लावला नाही. नऊ वर्षं आतल्या भिंतीकडे तोंड करून इस्त्री केली. शेजारणीला सांगितलं, डोळ्यांना उजेड सोसत नाही. खिडकीपाशी प्लग बसवणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. ते दर रविवारी करणार होते, आणि दर रविवारी कुणाच्या तरी घरचा पंखा अडे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता बायकोला जाऊन वर्ष झालं होतं, आणि तो प्लग आज बसला होता. ड्रिलसाठी वायर लागली, धरायला मुलगी आली. कुणासाठी बसवताय, असं तिने विचारलं नाही.

"गुंडाळ तू," ते म्हणाले. "जमेल तशी."

"परत सोडवाल."

"नाही सोडवणार."

तिने जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग वायर उचलली. तळहात, कोपर, तळहात, कोपर. हे तिला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. तिसऱ्याच वेढ्याला पीळ पडला. वायरमनचे हात पुढे झाले; त्यांनी ते मागे नेले आणि एकात एक धरून ठेवले.

मुलगी गेल्यावर त्यांनी ते वेडंवाकडं भेंडोळं तसंच खिळ्याला अडकवलं. नव्या प्लगचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. समोरच्या गॅलरीत शेजारीण वाळलेले कपडे काढत होती; तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. वायरमन इस्त्री आणायला आत गेले.